वर्गणी यात्रेची, तालीम कुणाची?

२०१८ च्या डिसेंबरात जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. राज्य सरकारनं ऑक्टोबरातच दुष्काळी तालुक्यांची यादी जाहीर केली होती आणि तीत जालना जिल्ह्याचे तालुकेही होते. खरीप हातचं गेलेलं, रब्बीचा भरवसा नाही; तरीही मैदानावर कुस्ती बघायला माणूस लोटला. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, ही या स्पर्धेची रीत. २३ डिसेंबरला मातीतून आलेल्या बाला रफिक शेखनं गादीवरच्या अभिजीत कटकेला ११-३ असं हरवलं आणि चांदीची गदा खांद्यावर घेतली.

कटके आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी, पुण्याच्या शिवरामदादा तालमीचा पठ्ठा. बाला रफिक मूळचा करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. तो बुलडाण्याकडून लढला, पण त्याला घडवलं कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांनी, आणि पुढं तो पुण्याच्या हनुमान आखाड्यात घाम गाळत होता. आंदळकर आबा त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी गेले होते.

अंतिम लढतीतल्या दोघांपैकी जालन्याचा कुणीच नव्हता, याचं आझाद मैदानाला काही वाटलं नाही. कुस्तीचा शौकीन गाव बघत नाही, डाव बघतो. पण फड उठल्यावर एक प्रश्न उरतोच. बघणारे इथले, मैदान इथलं, गावोगावच्या यात्रांत कुस्तीवर उधळला जाणारा पैसा इथला. मग पैलवान घडायला कोल्हापूर-पुण्यालाच का जावं लागतं? जालना जिल्ह्यात नऊशेहून अधिक गावं आहेत. त्यातल्या बहुतेकांत मारुती आहे, मारुतीच्या पारासमोर पोरं आहेत, आणि वर्षातून एकदा कुस्त्याही होतात. तालीम मात्र शोधावी लागते.

या प्रश्नाचं उत्तर कुस्तीच्या डावपेचांत नाही, गावानं खेळ कसा सांभाळला यात आहे. त्यासाठी आधी जालन्याचा इतिहास बघावा लागेल आणि मग थोडं लांब, आयर्लंडपर्यंत जावं लागेल.

जांबहून कृष्णेकाठी

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली इथं जन्मलेल्या नारायण ठोसरांनी पुढं बलोपासनेचा उपदेश केला, गावोगाव मारुती उभे केले. आजही कुठल्याही तालमीत पाऊल टाकलं, की आधी मारुतीला हात जोडायचे आणि मग मातीला. पण समर्थांचे म्हणून जे अकरा मारुती ओळखले जातात, ते चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा असे सगळे सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत. जन्म जांबचा, मारुती कृष्णाखोऱ्यातले. जालन्याचा पैलवान आजही तीच वाट धरतो.

त्या वाटेला इतिहासाची कारणं आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, तालमी पोसल्या, खासबागेचं मैदान बांधलं. पुढं साखर कारखाने आले आणि पैलवानाच्या मानधनाची, खुराकाची सोय झाली. शाहू महाराजांच्या काळी जालना मात्र निजामाच्या राज्यात होतं. तिथं १९३० च्या दशकात आखाडे काढण्यावर निर्बंध होते, सभा-मेळाव्यांनाही परवानगी लागे. जोर-बैठका काढणारी पोरं एका जागी जमतात म्हणजे उद्या काहीतरी करणार, हा सरकारचा संशय. तो अगदीच खोटा नव्हता. आर्य समाजानं १९३८-३९ मध्ये हैदराबाद राज्यात मोठा सत्याग्रह केला, आणि व्यायामशाळेत तयार झालेली पोरं पुढं मुक्तिसंग्रामात उतरली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, तोवर पश्चिम महाराष्ट्रातल्या तालमींच्या दोन-तीन पिढ्या घडून गेल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मराठवाड्यानं अभिमानानं सांगावी अशी आहे. महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब १९६१ साली औरंगाबादेत दिला गेला आणि सांगलीचे दिनकर दह्यारी त्याचे पहिले मानकरी ठरले. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला आणि परभणीतलं परतूर त्याला जोडलं गेलं. म्हणजे ही स्पर्धा सुरू झाली तीच मुळात आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी.

यात्रेचा फड

जालना जिल्ह्यातल्या गावातली कुस्ती बघायची तर चैत्र-वैशाखात यावं. पाडव्यानंतर यात्रांची रांग लागते. याच सुमाराला ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत येतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघालेली माणसं पाच-सहा महिन्यांनी घरी येतात, तेव्हा गाव पुन्हा भरतं. पुण्या-संभाजीनगरच्या कंपन्यांतली पोरंही सुट्टी काढून येतात. यात्रा म्हणजे देवाची पालखी खरी, पण गावाची हजेरीही तेव्हाच लागते.

यात्रा कमिटी महिनाभर आधी वर्गणीला फिरते. घरटी आकडा ठरलेला असतो. नोकरदाराला जास्त, दुकानदाराला त्याहून जास्त. पुढाऱ्याकडून शेवटच्या कुस्तीचं इनाम घ्यायचं, म्हणजे त्याचं नाव भोंग्यावर चार वेळा पुकारलं जातं. दुपार कलली की हलगी कडाडते आणि नांगरून, ढेकळं फोडून मऊ केलेल्या वावरात माणसांचं कडं होतं. आधी लहानग्यांच्या कुस्त्या. रेवड्यांवर, नारळावर, दहा-वीस रुपयांवर. चड्डीतलं पोर मातीत लोळतं आणि त्याची आई लांबून, बायकांच्या घोळक्यातून बघत असते. मग जोड वाढत जातात. पंच दोघांचे दंड चाचपतात, वजनाचा अंदाज घेतात, कुणीतरी ‘जोड बरोबर नाही’ म्हणून आडवं येतं, थोडी हुज्जत होते आणि कुस्ती लागते. निकाली झाली तर फेटे उडतात. लांबली तर पंच बरोबरीत सोडवतात आणि दोन्ही गावांचे लोक पंचांवर तोंडसुख घेतात.

या फडात जातीची आणि धर्माची रांग मोडते, हे त्याचं मोठेपण. यात्रेप्रमाणे उरुसातही कुस्त्या होतात. मारुतीच्या नावानं माती कपाळाला लावणारा मुसलमान पैलवान आणि दर्ग्याच्या फडात सलामी देणारा हिंदू पैलवान यात कुणाला नवल वाटत नाही. बाला रफिकचं हनुमान आखाड्यात असणं कुस्तीच्या जगात बातमीच नव्हती.

पण अंधार पडतो, शेवटची कुस्ती होते, इनामाचं पाकीट दिलं जातं आणि बाहेरून आलेले नामांकित पैलवान गाडीत बसून पुढच्या यात्रेला निघतात. दुसऱ्या दिवशी त्या वावरात पुन्हा ढोरं असतात. गावानं एका दुपारी कुस्तीवर जेवढा पैसा घातला, तेवढ्यात गावातल्या दहा पोरांचा वर्षभराचा सराव आणि निम्माशिम्मा खुराक निघाला असता. हा हिशेब यात्रेच्या जमाखर्चात कधी मांडला जात नाही.

तालीम का मिटते

तालीम चालते ती वस्तादाच्या जिवावर. तरुणपणी फड गाजवलेला माणूस गुडघे दुखायला लागले की चार पोरं जमवतो. जागा कुणाचा गोठा, कुणाची पडकी खोली, नाहीतर मारुतीच्या देवळामागचा पत्र्याचा आडोसा. माती बारीक चाळायची, तीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मुरवायची, रोज खोरं मारून वर-खाली करायची. पहाटे चारला पोरांना उठवायचं, जोर-बैठका मोजायच्या, लढत लावायची. फी नसते. गुरुपौर्णिमेला नारळ आणि टोपी-टॉवेल, एवढीच वस्तादाची कमाई. तो आहे तोवर तालीम आहे. तो थकला, किंवा गोठ्याची जागा भावांच्या वाटणीत गेली, की कुलूप.

त्यात खुराक. दूध, तूप, बदाम हे काही चैनीचं खाणं नाही, पैलवानाचं ते इंधन आहे. घरी दुभतं जनावर असलेल्या पोरालाच ते परवडतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला. मोसंबीच्या बागा वाळल्या, जनावरं छावणीला नाहीतर बाजारात गेली. ज्या घरातली म्हैस गेली, त्या घरातला पैलवान टिकला नाही. ऊसतोड्याच्या पोराचं दुखणं वेगळंच. सरावाचे खरे दिवस थंडीचे, आणि थंडीत तो आईबापाबरोबर सांगली-साताऱ्याकडच्या फडावर, म्हणजे उसाच्या.

तिसरी गोष्ट भरतीची. पहाटे जालना-अंबड किंवा जालना-मंठा रस्त्यावरून जा. अंधारात पोरं-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरती, सैन्य भरती. अकादम्या निघाल्यात, त्यांची फी आहे, वसतिगृहं आहेत. शरीर कमावण्याची हौस संपलेली नाही. तिला नोकरीची दिशा मिळाली, एवढंच. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असल्यानं प्रमाणपत्रापुरता खेळ करणारेही आहेत. त्यात वाईट काही नाही. पण भरती झाली की पोरगं गाव सोडतं, वय उलटलं की धावणं सोडतं. धाकट्याला शिकवायला मागं कुणी राहत नाही.

सरकारनं काही केलं नाही, असंही म्हणता येणार नाही. व्यायामशाळांना अनुदान मिळतं, आमदार-खासदार निधीतून इमारती होतात. अशी इमारत बहुतेकांनी पाहिलेली असते. दारावर निधी देणाऱ्याचं नाव ठळक, आत यंत्रं गंजलेली, किल्ली कुणाकडे ते विचारत फिरावं लागतं. तिथं वस्तू आली, माणूस आला नाही.

आयर्लंडमधली गावकी

गावानंच खेळ सांभाळला तर काय होतं, ते बघायला आता आयर्लंडकडे. १ नोव्हेंबर १८८४ ला टिपेररी परगण्यातल्या थर्ल्स गावात, हेज हॉटेलच्या एका खोलीत मूठभर माणसं जमली. मायकेल क्यूसॅक हे शिक्षक आणि मॉरिस डेव्हिन हे नावाजलेले खेळाडू त्यांत पुढं होते. देशावर इंग्रजांचं राज्य. १८४० च्या दशकातल्या भीषण दुष्काळानं गावं रिकामी केलेली, लाखो लोक अमेरिकेला गेलेले. लाकडी काठीनं चेंडू मारायचा हर्लिंग हा जुना खेळ आणि आयरिश पद्धतीचा फुटबॉल मरू द्यायचे नाहीत, असं त्या खोलीत ठरलं आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन उभी राहिली.

निजामासारखीच तिथल्या सरकारची नजर या खेळाडूंवर होती. १९१८ साली सामन्यांना सरकारी परवाना सक्तीचा झाला. संघटनेनं परवाना मागितलाच नाही. ४ ऑगस्ट १९१८ च्या रविवारी दुपारी गावागावांत एकाच वेळी सामने खेळले गेले. इतके, की पोलिसांना अडवायला कुठं जावं ते कळेना. दोन वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९२० ला, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात सामना चालू असताना ब्रिटिश फौजेनं गोळीबार केला. चौदा जण मेले. त्यांत टिपेररीचा खेळाडू मायकेल होगन होता. आज त्याच मैदानातल्या एका प्रेक्षागृहाला त्याचं नाव आहे आणि साऱ्या मैदानात ब्याऐंशी हजार माणसं मावतात.

पण आपल्याला शिकायचं आहे ते क्रोक पार्ककडून नाही, खेड्यातल्या क्लबाकडून. संपूर्ण बेटाची वस्ती सत्तर लाखांच्या आसपास आणि क्लब दोन हजारांहून जास्त. क्लब गावाचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीचा. ज्या हद्दीत वाढलात तिथूनच साधारणपणे खेळायचं. चांगला खेळाडू पैशानं पळवायची सोय नाही, कारण पैसाच नाही. परगण्याकडून क्रोक पार्कात अंतिम सामना खेळलेला नायक सोमवारी सकाळी शाळेत गणित शिकवायला नाहीतर गाई दोहायला हजर असतो. खेळण्याचा पगार कुणालाच मिळत नाही.

क्लबाला सभासद असतात आणि ते दरवर्षी वर्गणी भरतात. वर्षातून एकदा सभा होते, तीत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडले जातात, हिशेब वाचला जातो. मैदान कुणा एकाच्या नावावर नसतं; विश्वस्तांमार्फत ते संघटनेचं असतं, त्यामुळं ते कुणाच्या वाटणीत जात नाही. सहा-सात वर्षांच्या पोरांपासून थोरांपर्यंत वयोगटांचे संघ. खेळणं थांबलं की माणूस शिकवायला लागतो, ते जमेना की रेषा आखतो, तिकिटं फाडतो, चहा करतो. गावात कुणी गेलं तर क्लबचे लोक दुतर्फा उभे राहून निरोप देतात. २०२० च्या टाळेबंदीत या क्लबांच्या स्वयंसेवकांनी घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांना किराणा आणि औषधं पोचवली. आयरिश माणूस लंडनला किंवा न्यूयॉर्कला गेला की तिथला क्लब गाठतो. काम, खोली, ओळखी तिथूनच लागतात.

त्या घरातही भांडणं आहेत. ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्याला बाहेर काढण्याचा नियम १९७१ पर्यंत होता. बायकांच्या संघटना अजून वेगळ्या आहेत आणि एकत्र येण्याचं काम आता कुठं चाललंय. पश्चिम किनाऱ्यावरची गावं ओस पडल्यानं दोन क्लबांना मिळून एक संघ उतरवावा लागतो. गाव रिकामं होण्याचं दुखणं तिथंही आहेच. फरक हा, की ते तिथं लवकर लक्षात येतं, कारण अकरा वर्षांच्या पोरांचा संघ भरला नाही की सभेत त्याची नोंद होते.

आपल्याकडं काय कमी आहे

जालन्यात यातलं बरंच आधीपासून आहे. वर्गणी आहे आणि ती न कुरकुरता दिली जाते. गावाचा अभिमान इतका, की पंचांच्या निकालावरून चार दिवस बोलणं बंद राहतं. परगावी गेलेली माणसं यात्रेला परततात. बियाण्यांचे आणि लोखंडाचे कारखाने आहेत, त्यांच्या मालकांना इनाम द्यायची हौस आहे. मंडळं तर गल्लोगल्ली आहेत. हनुमान, जय भवानी, शिवछत्रपती, भगतसिंग. देवाच्या नाहीतर वीराच्या नावाची, अगदी आयरिश क्लबांसारखी. त्यांतली काही गणपतीनंतर झोपतात आणि पुढच्या श्रावणात उठतात. काही जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात कबड्डी खेळतात, तेवढं मात्र बारमाही.

कमी आहे ती एकच गोष्ट. खेळाचं वर्षभराचं मालक गाव नाही. यात्रा गावाची, पण तालीम वस्तादाची. इमारत निधीची, मंडळ अध्यक्षाचं. त्यामुळं वस्ताद गेला की तालीम जाते आणि अध्यक्षाचा पक्ष बदलला की मंडळ फुटतं. वरच्या पातळीवरही हेच झालं. राज्य कुस्तीगीर संघटनेच्या वादातून २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीच्या दोन वेगवेगळ्या स्पर्धा झाल्या, धाराशिवला आणि फुलगावला, आणि महाराष्ट्राला दोन केसरी मिळाले. पैलवानांचा त्यात काय दोष?

हे महाराष्ट्राला जमतच नाही, असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी एका आखाड्यातून सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. संस्थापक गेले, पिढ्या उलटल्या, संस्था शंभर वर्षं ओलांडून उभी आहे. कारण ती संस्था म्हणूनच बांधली होती. मराठवाड्यातही उदाहरण आहे. धाराशिवच्या सारिका काळेनं २०१६ मध्ये भारतीय महिला खो-खो संघाचं नेतृत्व करून दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणलं आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. दुष्काळी जिल्ह्यातली, साध्या घरातली ही मुलगी. तिला लागलं ते रोज संध्याकाळी भरणारं मैदान आणि न चुकता येणारा प्रशिक्षक.

मुलींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोललं पाहिजे. गावच्या फडात बाई अजून कड्याच्या बाहेर उभी आहे. महिलांची महाराष्ट्र केसरी २०२३ साली सांगलीत पहिल्यांदा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. म्हणजे पहिल्या पुरुष केसरीनंतर बासष्ट वर्षांनी. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुली जालन्याच्या गावागावांत दिसतात. त्यांना तालमीत, कबड्डीच्या नाहीतर खो-खोच्या मैदानात जागा नसेल, तर गावानं आपली निम्मी ताकद स्वतःहून बाहेर ठेवली असं म्हणावं लागेल.

यात्रा कमिटीला एक विनंती

दिवाळी सरली की ऊसतोडीचे ट्रक निघालेले असतील आणि चैत्राच्या वर्गणीची बोलणी माघात सुरू होतील. कमिटी दारात आली की पावती फाडण्याआधी तीन गोष्टी विचारा. जमलेल्या पैशातला चौथा हिस्सा वर्षभराच्या तालमीसाठी किंवा मैदानासाठी बाजूला ठेवणार का? ती जागा ग्रामपंचायतीच्या नाहीतर नोंदणीकृत संस्थेच्या नावावर करणार का? आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचणार का, मुलींच्या संघासकट?

शेवटच्या कुस्तीचं इनाम थोडं कमी झालं तर नामांकित पैलवान येणार नाही, अशी भीती घातली जाईल. नाही आला तर न येवो. पहिल्या चार वर्षांत त्यानं काही बिघडणार नाही, आणि पाचव्या वर्षी शेवटच्या कुस्तीला गावातलाच पैलवान उभा असेल. वस्तादाला मात्र त्या चौथ्या हिश्श्यातून महिन्याचं मानधन द्या. पहाटे चारला उठून पोरं घडवणाऱ्या माणसाला वर्षातून एक टॉवेल, हे गावाला शोभत नाही.